दादाच्या हातावरचे मिलिमीटर

९ नोव्हेंबर १९६४, सोमवार. मुक्काम वडनेर भोलजी

आज शाळेत २१२ हात वाचले. हात वाचणं म्हणजे ज्योतिष नव्हे, हे इथल्या सरपंचांनाही सांगावं लागलं. शुक्रवारी ट्युबरक्युलिन टोचलं होतं. आज तिसऱ्या दिवशी हातावर किती उठलं ते पाहायचं. लाली सोडून द्यायची, टणक भाग बोटाने चाचपायचा, कडा सापडल्या की पारदर्शक पट्टीने आडवं माप घ्यायचं. दहा मिलिमीटर किंवा वर भरलं तर त्या शरीराची क्षयाच्या जंतूशी ओळख आधीच झालेली. कमी भरलं तर ओळख नाही, मग त्याला बी.सी.जी. टोचायची.

अकोल्याहून तपासनीस आले होते. माझी वही चाळून म्हणाले, "इंगळे, सगळ्यांचे आकडे पाच, दहा, पंधरावर गोळा होतात. तुमचे होत नाहीत." मी म्हटलं, "साहेब, नऊ भरले तर नऊच लिहितो." मी सातवी पास. इंग्रजी डिक्शनरीवरून शिकलो, आणि डॉक्टरकीची दोन जुनी पुस्तकं एकेका शब्दाला अडखळत तीन वर्षांत पुरी केली. माझ्याबरोबरचे बी.एस्सी. झालेले अजून लालीसकट मोजतात.

माणिकराव लस टोचतो. संध्याकाळी जेवताना म्हणाला, "जानराव, तुमी घरी भाकरही पट्टीनं मोजत असान." सगळे हसले. मीही हसलो, पण फार नाही.

१५ नोव्हेंबर, रविवार. घरी

दादाने गोठ्यामागे बोलावून घेतलं. "जान्या, तुले एक गोष्ट दाखवतो. वहिनीले सांगू नको."

लघवी लाल. मी काचेच्या बाटलीत धरायला लावली आणि उजेडात पाहिली. डाळिंबाच्या पाण्यासारखा रंग. दुखत नाही, जळजळ नाही, ताप नाही. चार दिवस झाले म्हणतो. दादाचं वय एकावन्न, माझ्याहून सात वर्षांनी मोठा.

"काही नाही बे," तो म्हणाला, "मुंबईचा रंग निघून राह्यला."

मुंबईत तो बावीस वर्षं कापड रंगवायच्या खात्यात होता. चोपन्न साली परत आला तेव्हा कोपरापर्यंत हात निळे होते, नखांत तर वर्षभर राहिलं. माझी डिक्शनरी त्याच हातांनी पाठवलेली.

स्पिरिटच्या दिव्यावर नळीत तापवून पाहिलं, वर अ‍ॅसेटिक आम्लाचा थेंब. पांढरा साका धरला. म्हणजे प्रथिन आहे. रक्त आहे तिथे प्रथिन असणारच. पुस्तकात पाहता मुतखडा वाटतो. हुलग्याचं पाणी सकाळ-संध्याकाळ सुरू केलं.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

लघवी स्वच्छ. साकाही नाही. निदान बरोबर ठरलं. हुलगे आणखी पंधरा दिवस.

६ डिसेंबर, रविवार

पुन्हा लाल, आणि या वेळी गुठळ्या. एक गुठळी अडकून दादा तासभर कण्हत होता. वहिनीला कळलंच. ती मला म्हणाली, "भावजी, महिनाभर तुमी दोघं भाव बाटल्या घेऊन कुजबुज करून राह्यले. मी काय आंधळी हावो?"

मंगळवारी नागपूरला नेतो.

१२ डिसेंबर, शनिवार. नागपूर

लघवीच्या वाटेने नळी घालून, दिवा लावून मूत्राच्या पिशवीच्या आत पाहिलं. फुलकोबीच्या तुऱ्यासारखी गाठ आहे, एक इंचाहून मोठी, डाव्या बाजूला. तुकडा काढून तपासला. कॅन्सर. लिहितो आहे ते नीट लिहितो: कॅन्सर.

डॉक्टर तरुण आहेत, पण माणसाला माणूस समजणारे. दादाला विचारलं, पूर्वी काय करत होता. दादाने सांगितलं. डॉक्टरांनी पेन थांबवलं. "रंगखात्यात? किती वर्षं?" "बावीस." त्यांनी आकडा लिहिला आणि खाली रेघ ओढली. इतकं काटेकोर विचारणारा डॉक्टर मी पहिल्यांदा पाहिला. बरं वाटलं.

मी बी.सी.जी.चा माणूस म्हटल्यावर त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून तो तुकडा दाखवला. जांभळ्या, वेड्यावाकड्या पेशी, एकीसारखी दुसरी नाही. आणि त्यांच्या कडेने लहान, गोल, गडद ठिपक्यांची दाटी, जत्रेत तमाशाच्या तंबूभोवती माणसं जमावीत तशी.

"हे गोल काय आहे, साहेब?"

"पांढऱ्या पेशींतलीच एक जात. तुम्ही हातावर टोचता ते काय असतं?"

"क्षयाच्या जंतूचं प्रथिन."

"ते प्रथिन ओळखणाऱ्या पेशी तिथे जमतात, म्हणून हात टणक होतो. ह्या त्याच जातीच्या. गाठीच्या पेशींवरही काही परकं प्रथिन असावं आणि ते ओळखून ह्या आल्या असाव्यात, असं काही जणांना वाटतं."

"मग त्या गाठ खाऊन टाकत नाहीत?"

"काही रोग्यांत थोपवतात. अशी दाटी असली तर रोगी जास्त टिकतो, असंही लिहिलेलं आहे. काही रोग्यांत मात्र नुसत्या उभ्या राहतात. गाठच काही सोडून त्यांना गुंगवते, की उलट त्याच तिला पोसतात, अजून कोणालाच नीट माहीत नाही. रोग फार वाढला की कधी कधी ट्युबरक्युलिनही उठेनासं होतं, एवढं खरं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पण ह्यावर विसंबून बसू नका. आत्ता गाठ आवाक्यात आहे. चार जानेवारीला दाखल करा. पिशवी काढावी लागेल."

पिशवी काढल्यावर मूत्राच्या नळ्या आतड्याला जोडतात. पुढे जन्मभर लघवी मागच्या वाटेने. दहांतले दोन-तीन टेबलावर किंवा महिन्याभरात जातात, हेही त्यांनी लपवलं नाही.

गाडीत दादाने एकच विचारलं. "तुले काय वाटते, जान्या?"

मी म्हटलं, "विचार करून सांगतो."

"तू म्हनशीन तसं."

१५ डिसेंबर, मंगळवार. घरी

विचार असा केला. छप्पन साली, दीक्षेहून आलो त्याच हिवाळ्यात, गावात पहिल्यांदा आमचं पथक आलं होतं. सुईने वंश बुडतो म्हणून कोणी पुढे येईना. तेव्हा दादाने सदऱ्याची बाही वर सारून सगळ्यांआधी हात दिला. त्याचं माप सतरा आलं होतं, माझ्या पहिल्या वहीत आहे. म्हणजे त्याच्या पेशी तेव्हा जाग्या होत्या. आज त्या जाग्या असतील तर हात उठेल. हात उठला तर पिशवीतही त्याच पेशी उभ्या आहेत आणि काम करून राहिल्या आहेत. मी ती दाटी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे.

आणि त्या काम करत असतील तर अंग कापून पिशवी काढायची घाई कशाला?

आज सकाळी ८.२० वाजता डाव्या हाताला ट्युबरक्युलिन ०.१ सी.सी. टोचलं. फोड नीट उठला, संत्र्याच्या सालीसारखा.

१८ डिसेंबर, शुक्रवार

सोळा.

तीन वेळा मोजलं. दर वेळी पट्टी उचलली, डोळे मिटले, पुन्हा कडा शोधल्या. सोळा, सोळा, सोळा. आठ वर्षांत फक्त एक मिलिमीटर कमी.

वहिनीला समजावून सांगितलं. ती भाकरी थापत होती, हात थांबवले नाहीत. "मंग चार तारखेचं?"

"दोन महिने थांबू. पुन्हा हात वाचू. उतरला तर लगेच जाऊ."

"सुईच्या फोडावरून मानसाचा हिसाब करता, भावजी? त्या डागदरानं आत दिवा लावून पाह्यलं."

"त्यांनीच तर मला पेशी दाखवल्या."

"पेशी दाखवल्या. थांबा म्हने का?"

तिला अक्षरओळख नाही. प्रथिन म्हणजे काय हे तिला कसं सांगणार? दादा खाटेवर बसून हाताकडे पाहत होता. म्हणाला, "सोळा म्हंजे चांगलं ना बे?" मी म्हटलं, "फार चांगलं." तो हसला. "मंग झालं."

नागपूरला कार्ड टाकलं: रोगी तूर्त येणार नाही.

१७ जानेवारी १९६५, रविवार

दहा दिवस मोताळ्याकडे होतो. दादाला विचारलं, लाल जाते का? "नाही." गुठळी? "नाही बे, एकदम साफ." वहिनी तिथेच होती, चुलीत लाकूड सारत राहिली.

दादा आता स्वतःचं धोतर स्वतःच धुतो, उजाडायच्या आत विहिरीवर जाऊन. मुंबईत एकट्याने काढलेल्या दिवसांची सवय परत आली असेल. व्यायाम होतो, चांगलंच आहे.

वजन पाहायला कापसाच्या काट्यावर उभं केलं. सव्वाशे रत्तल. नोव्हेंबरात एकशे चौतीस होतं. हिवाळ्यात कामं जास्त असतात.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

सोमवारी टोचलं होतं. आज सात.

बाटली बिघडलेली असावी. ट्युबरक्युलिनला ऊन सोसत नाही आणि सोमवारी जीपमध्ये पेटीचं झाकण अर्धं उघडं होतं. पण लिहिणं भाग आहे की त्याच बाटलीतून मेहकरच्या शाळेत अठ्ठावन्न मुलांना टोचलं, आणि तिथे नेहमीसारखंच उठलं. माणिकरावच्या स्वतःच्या हातावर पंधरा आलं.

मग बाटली नव्हे. सुई खोल गेली असणार. कातडीत राहण्याऐवजी खाली उतरली. अकरा वर्षांत माझी सुई खोल गेलेली नाही, पण भावाचा हात म्हणून थरथर झाली असेल. चूक माझी. ती मी मोकळेपणाने इथे लिहून ठेवतो.

ही चाचणी धरायची नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा.

दादाने विचारलं, "किती?"

"सुई चुकली. पुन्हा घेऊ."

"तुही सुई चुकली?" तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "चुकते एखाद्या वख्ती. जाऊ दे."

४ मार्च, गुरुवार

कमरेत दुखतं म्हणतो. डावा पाय सुजला आहे. पोटरीचा घेर उजव्यापेक्षा दीड इंच जास्त. बेबीने, माझ्या बायकोने, पहिल्यांदाच माझ्यापुढे आवाज चढवला. "तुमी त्यायले नागपूरले नेता का मी माह्या भावाले बोलावू?" मी म्हटलं, एकवीस तारखेचं वाचन होऊ दे. ती म्हणाली, "वाचन, वाचन! तुमी त्यायच्या तोंडाकडं कधी पाह्यलं काय?"

पाहिलं. पिवळं आहे, पापणीच्या आत पांढरं आहे. तेही लिहितो.

२१ मार्च, रविवार

या वेळी सुई बरोबर होती. टोचताना मी श्वाससुद्धा घेतला नव्हता. बाटली नवी, सीलबंद. माणिकरावला साक्षीला घरी आणलं होतं, टोचल्यावर फोड कसा उठला ते त्यानेही पाहिलं.

आज सकाळी दादाचा हात उजेडात धरला. टोचल्याचा ठिपका दिसत होता. बोट फिरवलं. उजवीकडून, डावीकडून, वरून. कडा सापडेना. हात गार आणि मऊ होता. पट्टी ठेवायला जागाच नव्हती.

मी म्हटलं, "दहा."

दादाने हात काढून घेतला आणि उजव्या हाताचं बोट तिथून सावकाश फिरवलं, माझ्यासारखंच. माझं पाहून पाहून शिकला असेल.

"माह्या बोटालेही कयते, जान्या," तो म्हणाला.

माणिकराव उठून बाहेर गेला. थोड्या वेळाने दारातूनच म्हणाला, "जानराव, मोटारीचं बोलून येऊ काय?"

मी मान हलवली.

वहीत दहा लिहिलेलं नाही. शून्य लिहिलं आहे.

२६ मार्च, शुक्रवार. नागपूर

गाठ पिशवीबाहेर गेली आहे, डाव्या बाजूच्या हाडापर्यंत चिकटली आहे. गुंगी देऊन तपासलं आणि काही न कापता बाहेर आणलं. रक्त कमी म्हणून एक बाटली चढवली, तीही मी दिलेली.

तेच डॉक्टर होते. रागावले नाहीत. कागद पुढे ओढून म्हणाले, "चार जानेवारीला खाट राखून ठेवली होती. का आला नाहीत?"

मी बोलणार होतो. मी तोंड उघडलं होतं हे मला पक्कं आठवतं.

दादा खाटेवरून म्हणाला, "म्याच नाही म्हटलं, साहेब. भाव लय मांगं लागला होता. म्या आयकलं नाही. भेलो."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. त्यांनी लिहिलं. ते इंग्रजीत लिहितात आणि ते मला उलट्या बाजूनेही वाचता येतं: रोग्याने शस्त्रक्रियेस नकार दिला.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना एवढंच विचारलं की डिसेंबरात सोळा होतं, मार्चात शून्य, मग त्या गोल पेशी गेल्या कुठे? ते म्हणाले, "असतील अजून तिथेच. गाठीभोवतीच उभ्या असतील. हातावर सोळा उठलं म्हणून पिशवीतली लढाई जिंकली असं होत नाही हो. ती दोन वेगळी प्रथिनं आहेत. एक ओळखलं म्हणजे दुसऱ्याला अडवलंच असं नाही."

दोन वेगळी प्रथिनं. पुस्तकात हे होतं का? घरी गेल्यावर पाहीन.

२ एप्रिल, शुक्रवार. घरी

पुस्तक पाहिलं. नव्हतं. पण असायलाच हवं होतं असंही नाही. मला ते विचारता आलं असतं. डिसेंबरात डॉक्टर समोर बसले होते, मला एक प्रश्न विचारायला किती वेळ लागला असता?

१४ एप्रिल, बुधवार

जयंतीची मिरवणूक दारावरून गेली. दादाने खाट ओट्यावर घ्यायला लावली. पोरं लेझीम खेळत थांबली, "पंजाबराव काका, जयभीम" म्हणाली. त्याने हात वर केला तो खाली घ्यायला वहिनीला आधार द्यावा लागला.

ती पांगल्यावर मी म्हटलं, "दादा, नागपूरला तू खोटं काऊन बोलला?"

"तुले अजून नोकरी कराची हाय. गावागावात लोक तुह्या बोटावर भरवसा ठेवतात."

"म्हणून?"

"म्हनून काय, बे. तू लहान व्हता तवा तुही पाटी मीच पुसून देत व्हतो. पानी दे."

३० एप्रिल, शुक्रवार

दादा काल सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी गेला. वय एकावन्न वर्षं, सात महिने. शेवटचे तीन दिवस बोलणं नव्हतं.

९ मे, रविवार

आठ दिवस वही उघडली नाही. आज उघडली तेव्हा वहिनी समोर येऊन बसली. घरात कोणी नव्हतं. बेबी पाण्याला गेली होती.

"काय लिहून राह्यले, भावजी?"

"नोंद."

"त्यायची?"

"हो."

"मले वाचून दाखवा."

मी वाचून दाखवलं. नोव्हेंबरपासून, सगळं. शून्य वाचलं, नागपूरचं वाचलं, मी जमिनीकडे पाहिलं तेही. तिने मध्येच थांबवलं नाही. डोळ्यांत पाणीही नव्हतं. संपल्यावर म्हणाली, "बरोबर हाय. पन पुरं नाही. जे नाही ते लिहा. मी सांगते."

मी पेन घेतलं.

"संक्रातीपासून ते बसून झोपत. आडवं झालं की दुखे. लिहा."

लिहिलं.

"मले शपथ घातली व्हती, जान्याले सांगू नको म्हनून. म्हने, त्याचा जीव त्या पट्टीत गुतला हाय, तोडू नको. मी आयकलं. ते माहं पाप. तेही लिहा."

"वहिनी, ते तुमचं नाही."

"तुमी लिहा, मंग बोला."

लिहिलं.

"जानेवारीच्या तीन तारखेले पेटी भरली व्हती."

मी वर पाहिलं. "कशाची पेटी?"

"नागपूरची. दुसऱ्या दिवशी जाचं व्हतं ना. कार्ड टाकलं व्हतं तुमी, तरी भरली. म्हने, उद्या सकाऊन जान्या येईन आन् चला म्हनीन. एवढा शिकेल हाय, रातभर इचार करीन आन् येईन. चार तारखेले आंघोय करून, टोपी घालून बसले व्हते ओट्यावर. मोटार गेली तवा उठले. म्हने, ठीक हाय, जान्याले ठाऊक असन."

चार जानेवारीला मी कुठे होतो? वहीत नोंद नाही. त्या दिवशी सांगण्यासारखं काही घडलं नाही म्हणून मी तो दिवस सोडून दिला होता.

"त्याने मला बोलवायचं होतं," मी म्हटलं. "एका भिंतीचं अंतर."

"मी म्हटलं व्हतं, जाऊन म्हना. तर म्हने, म्या म्हटलं तर तो हो म्हनीन. त्याचं त्याले उमगू दे."

मग ती म्हणाली, "वाचा."

मी तिचं वाचून दाखवलं. तिने एका ठिकाणी थांबवलं. "टोपी घालून नाही. टोपी हातात व्हती. मी चुकून सांगतलं."

मी 'घालून' खोडलं, एकच रेघ मारून, आणि वर 'हातात घेऊन' लिहिलं.

"पेटीत काय काय होतं?" मी विचारलं. सवयीने विचारलं.

"दोन धोतरं. घोंगडी. तांब्या. आन् तुमचा एक सदरा, बेबीकडून मांगून आनला व्हता. तुमी संग राहान दवाखान्यात, तुमाले बदलाले पाह्यजे म्हनून."

सदरा कोणता, ते मी विचारलं नाही.